जयसिंगपूरच्या पुढचा आवाज

“गप्प बसा सगळे. आता ऐका,” आप्पा म्हणाले.

सगळे म्हणजे आम्ही तिघंच. बॉनेटमध्ये डोकं घातलेले बाबालाल मिस्त्री, बँकेत जायच्या घाईत एकाच पायात बूट चढवलेले हे, आणि तुळशीपाशी तांब्या घेऊन उभी असलेली मी. बाबालालनी नेहमीच्या शिरस्त्यानं काम सुरू केलं होतं. आधी मागं जाऊन टाकीचं झाकण काढायचं, काठी बुडवून पेट्रोल किती आहे ते बघायचं, झाकण लावायचं आणि मग किल्ली. आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा मी लग्न होऊन या घरात यायच्या आधीच मेला होता. त्यामुळं त्या गाडीला हात लावणारा प्रत्येक जण काठीपासूनच सुरुवात करायचा.

किल्ली फिरली. पुढून बारीक टकटकटक ऐकू आली, एखादीनं परातीच्या काठावर नखं वाजवावीत तशी, आणि थांबली.

“झालं, पोट भरलं तिचं,” बाबालाल फडक्याला हात पुसत म्हणाले. “पंपाचं कसं असतंय आप्पासाहेब, किल्ली दिली की त्यो टाकीतनं पेट्रोल वढतो. हितं पुढं भरलं की गप बसतो. मग लागंल तसा एखादा ठोका. आता बघा की, कसा शान्या पोरागत बसलाय.”

“असा नाही रे. जड ठोका येतो,” आप्पांनी मूठ वळून दाखवली. “ठक्... ठक्... खोल विहिरीतून कुणीतरी भरलेली घागर ओढतंय, असा. आणि थांबतच नाही. मग गाडी खोकायला लागते.”

“कुठं येतोय म्हनला?”

“जयसिंगपूर सोडलं की.”

“म्हंजे सांगलीत न्हाई. आवाजाला बी गाव लागतंय म्हना की!”

बाबालाल स्वतःच हसले. आम्ही कुणी हसलो नाही, तसे तेही थांबले. पंप त्यांनी आधीच एकदा खोलून, आतले पॉइंट घासून, परत बसवला होता. गाडी घेऊन विश्रामबागपर्यंत चक्करही मारून आले होते. आवाज नाही. आत्ताही नाही. त्यांनी बॉनेट लावलं आणि यांच्याकडे एक नजर टाकली. अगदी क्षणभर. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं, यांना कळलं, आणि वाईट म्हणजे आप्पांनाही कळलं. ते आत गेले.

त्याला आता तीसेक वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा सांगलीत गावभागात राहत होतो. आप्पा, माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. ती विलायती मोटार त्यांनी तरुणपणी एका वकिलाकडून घेतली होती. गोल पाठीची, साय धरलेल्या दुधाच्या रंगाची. सासूबाई तिला ‘सवत’ म्हणायच्या. “माझी सवत सकाळपासून रुसलीय, जा तिची समजूत काढा,” असं त्यांनी म्हटलं की आप्पा गालातल्या गालात हसत पाना घेऊन अंगणात जायचे. पण खंडेनवमीला विळी, खलबत्ता, शिवणयंत्र यांच्याबरोबर सवतीचीही पूजा सासूबाईच करायच्या. मागचं पत्र्याचं दार उघडून आतल्या टाकीच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकायच्या. ती तिथून जेवते, म्हणून ते तिचं कपाळ, असं त्यांचं म्हणणं. “सवत असली तरी सवाष्णच की,” म्हणायच्या.

त्या आदल्या ज्येष्ठात गेल्या. दिवाळी सरता सरता आप्पांना आवाज ऐकू यायला लागला.

दर गुरुवारी वाडीला दत्ताच्या पायांवर डोकं ठेवायचं हे माझं व्रत. पूर्वी मी आणि सासूबाई मागं, आप्पा पुढं, असे जायचो. सासूबाई गेल्यावर मी एसटीनं जाईन म्हटलं, तर आप्पा म्हणाले, “तिनं सांगून ठेवलंय, सुनेला उभ्यानं पाठवायचं नाही.” मग आम्ही दोघं जायला लागलो. मी पुढच्या सीटवर डोळे मिटून माळ ओढायची, ते गाडी चालवायचे. जाता-येता आमचं चार वाक्यांपलीकडे बोलणं होत नसे, आणि दोघांनाही ते बरं वाटायचं.

त्या दिवशी संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. हे बँकेतून आले, चहा घेतला आणि कप खाली ठेवताना म्हणाले, “मिरजेच्या डॉक्टरांशी बोललोय. पुढच्या शुक्रवारी आप्पांना घेऊन या म्हणाले.”

“कसले डॉक्टर?”

“मनाचे.”

मी सुपातून मान वर केली नाही.

“बापूकाकांचं असंच सुरू झालं होतं,” हे म्हणाले.

बापूकाका म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांना भिंतीत कुणीतरी ठोकतंय असं ऐकू यायचं. आधी सगळ्यांनी उंदीर असेल म्हटलं. मग त्यांनी गिलावा उकरला. मग विटा. शेवटची काही वर्षं त्यांना खोलीत बंद करून ठेवावं लागलं, आणि दाराच्या खालच्या फटीतून ताट सरकवायचं काम घरातल्या शेंडेफळाकडे, म्हणजे यांच्याकडे होतं. हे सगळं मला सासूबाईंनी सांगितलं होतं. यांनी स्वतः त्या दिवसापर्यंत बापूकाकांचं नाव माझ्यासमोर काढलेलं नव्हतं.

“ठोकायचाच आवाज, वत्सला. तोच. आणि दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही.” मग हळू आवाजात म्हणाले, “आधी ते, मग आप्पा. म्हणजे आमच्या घरात हे चालत आलेलंच असणार.”

पुढचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेऊ दिलं नाही. पाणी आणायला उठले, तर मधल्या दारात आप्पा उभे होते. चष्मा शोधायला आलो होतो, म्हणाले. चष्मा डोळ्यांवर होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना आप्पांनी भातावर ताक ओतून घेतलं आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाले, “अरे श्रीनिवास, तो आवाज बरं का, गेला. सकाळी आमराईपर्यंत चक्कर मारून आलो. काही नाही. बाबालालच्या हाताला यश आहे.”

“बरं झालं,” हे म्हणाले. पण त्यांनी डॉक्टरांना नको म्हणून कळवलं नाही.

त्या गुरुवारी वाडीला निघालो तेव्हा मी माळ घेतली, पण डोळे उघडे ठेवले. अंकलीचा पूल गेला. जयसिंगपूर गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा गोड वास. आणि मग मला तो ऐकू आला. आधी वाटलं, बाहेर कुठं तरी मोट चालू आहे. ठक्... मग थोडं थांबून, ठक्... जड, ओढून काढल्यासारखा. पुढच्या पत्र्यापलीकडून येत होता. इतकी वर्षं मी त्या गाडीत बसून देवाचं नाव घेतलं, आणि शेजारच्या माणसाच्या कानावर काय पडतंय याकडं एकदाही लक्ष दिलं नव्हतं.

मी आप्पांकडं पाहिलं. ते समोर बघत गुणगुणत होते. आप्पा कधीही गुणगुणत नसत. ठोका जसा वाढेल तसं त्यांचं गुणगुणणं वाढत होतं, आणि स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

“आप्पा,” मी म्हटलं.

“हं?”

“आवाज येतोय.”

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या उसाच्या बैलगाडीवाल्यानं शिवी हासडली. आप्पांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही.

“माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस.”

“नाही आप्पा. ठक् होतं, मग मी ‘दिगंबरा’ एवढं म्हणते, की पुन्हा ठक्.”

नुसता पंप बोलत होता. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. “मला वाटलं होतं, वत्सला, दादाची भिंत माझ्याकडे आली,” म्हणाले. आणि लगेच ओव्हरसियर झाले. “थांब, आता सापडलाय. सोडत नाही त्याला.” बॉनेट उघडलं. पंपाला हात लावून बघितला, नळी हलवून बघितली. किल्ली तशीच होती, पंप ओढत होता, पण त्याच्या ओढण्यातून काही येत नव्हतं. “पेट्रोल संपलंय की काय?” असं म्हणत ते मागं गेले, पत्र्याचं दार उघडून टाकीचं झाकण फिरवलं.

सूंऽऽ असा आवाज झाला. बराच वेळ दम कोंडून धरलेल्या माणसानं श्वास आत ओढावा, तसा.

पुढं पंपानं टकटकटकटक केलं आणि तो गप्प झाला.

आप्पांनी काठी बुडवली. अर्धी ओली. पेट्रोल होतं. त्यांनी झाकण लावलं, पुढं येऊन कान दिला. काही नाही. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. शहाण्या पोरासारखी टकटक, आणि शांत.

“बघ. गेला,” ते बॉनेटला टेकून म्हणाले. चेहरा पुन्हा पडला होता. “असाच जातो मेला. माणूस बघायला गेलं की जातो.”

त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं की आवाज मीही ऐकलाय. यांचा स्वभाव कुणाला दुखवायचा नाही. पण माणूस घाबरला की बोलून जातो.

“वत्सला, तुला आरतीच्या वेळी घुंगरू ऐकू येतात. आईच्या तेराव्याला तुला ओसरीवर तिची पावलं ऐकू आली होती. तुझी साक्ष मी कुणापुढं ठेवू?”

घुंगरू मला ऐकू आले होते, हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात बसले. महादेवाला रोज अभिषेक केल्याशिवाय मी पाणी घेत नाही. पिंडीवर तांब्याची गळती टांगलेली असते, तिच्या बुडाच्या बारीक भोकातून एकेक थेंब पडत राहतो. त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गळतीवर झाकण ठेवलं आणि रुद्र म्हणायला लागले. थोड्या वेळानं लक्षात आलं, थेंब थांबलाय. वर पाहिलं, तर झाकण घट्ट बसलेलं. नेहमी मी ते जरा कलतं ठेवते, वरून वारा शिरायला वाट राहिली नाही तर खालून पाणी पडत नाही, हे माहेरी आईनं शिकवलेलं. हात वर करून झाकण उचललं. बारीकसा श्वास घेतल्यासारखं झालं आणि थेंब सुरू झाला.

माझा हात तसाच वर राहिला.

रुद्र अर्धवट सोडून उठायचं नसतं. मी तो पुरा केला, पण त्या दिवशी महादेवापेक्षा माझं लक्ष टाकीच्या झाकणाकडेच होतं हे त्याला कळलं असणारच. आवाज घरी का येत नाही ते समजलं होतं. गाडी चालायला लागली की टाकीतलं पेट्रोल कमी होत जाणार, आत वारा शिरायला वाट नसली की पंपाला ओढायला जड जाणार, आणि जयसिंगपूर येईपर्यंत ते त्याच्या आवाक्याबाहेर जाणार. आणि जो कुणी तपासायला येतो तो आधी झाकण काढून काठी बुडवतो. म्हणजे दुखणं बरं करून मगच नाडी बघतो. विश्रामबागच्या चकरेत काय सापडणार?

वाट कशानं बुजली असेल हे मात्र मला माहीत नव्हतं.

मी यांना ते सांगून पाहिलं असतं, तर गळतीचं नाव काढताच यांनी हात जोडले असते. म्हणून एवढंच म्हटलं, “येत्या गुरुवारी बँकेला सुट्टी आहे. आमच्याबरोबर वाडीला चला. शुक्रवारी मी स्वतः आप्पांना मिरजेला नेते, एक अक्षर बोलणार नाही. फक्त वाडीला पोहोचेपर्यंत टाकीच्या झाकणाला कुणी हात लावायचा नाही.”

“हे कुठलं नवीन व्रत?”

“व्रतच समजा.”

माझ्या व्रतांना यांनी कधी आडकाठी केली नाही. हो म्हणाले.

आप्पांना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, “असेलही,” म्हणाले. बुधवारीच टाकी भरून आणली, म्हणजे गुरुवारी काठीचा प्रश्न नको. पण निघायच्या वेळी स्वयंपाकघरात आले आणि पाणी पिता पिता म्हणाले, “वत्सला, आज नाही आला तर?”

“येईल.”

“आला नाही तर तो मला उद्या घेऊन जाणार. आणि मी जाईन. पोराला त्रास द्यायचा नाही मला.” भांडं पालथं घालत म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा, गाडी बिघडावी म्हणून निघतोय.”

हे पुढं बसले, मी मागं. अंकलीपर्यंत बँकेतल्या बदल्यांच्या गोष्टी झाल्या. जयसिंगपूरला रेल्वेचं फाटक बंद होतं. आप्पांनी इंजिन बंद केलं. मालगाडी होती, ती काही संपेना. शेजारी एक म्हातारी बोरं विकत होती, यांनी बोरं घेतली, आप्पांपुढं धरली. आप्पांनी नको म्हणून मान हलवली. गाडी उभी राहिली तेवढ्यात कुठल्या तरी फटीतून वारा शिरला तर?

फाटक उघडलं. गाव मागं पडलं. नेहमीची वळणं गेली, गुऱ्हाळ गेलं. पंप गप्प. आप्पांची मान ताठ, आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. हे खिडकीबाहेर बघत होते. मग यांनी हात लांब करून आप्पांच्या हातावर ठेवला.

“राहू द्या आप्पा,” अगदी मऊपणे म्हणाले. “नसला येत तर राहू द्या.”

आप्पांनी हात काढून घेतला नाही. ओठ मात्र हलले. मी माळ धरली होती, पण खरं सांगते, दत्ताला मी त्या वेळी काहीही मागितलं नाही. मी ऐकत होते, एवढंच.

शिरोळ दिसायला लागलं, तेव्हा झाला. ठक्.

आप्पा बोलले नाहीत. मीही नाही. आमचं काही ठरलं नव्हतं, तरी आम्ही दोघंही श्वास धरून बसलो. ठक्... ठक्...

यांनी बोर चावायचं थांबवलं. आधी पायाखाली बघितलं. मग समोर. मग आप्पांकडे चोरून. आप्पा रस्त्याकडे बघत होते, चेहरा दगडाचा. हे मागं वळले, मी माळेकडे बघितलं. यांच्या कपाळावर घाम आला.

“हे... काय आहे?”

“कशाचं काय?” आप्पांनी जपून विचारलं.

“हा ठोका. ठक् ठक्. पुढून.” यांचा आवाज चिरकला. “तुम्हाला येतोय ना? आप्पा! वत्सला! तुम्हाला येतोय ना ऐकू?”

“मला दिवाळीपासून येतोय, गाढवा!” आप्पा ओरडले.

गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा शिंकली आणि बाभळीखाली थांबली. हे आधी उतरले, त्यांच्यामागून मी. पंपाचं घागर ओढणं चालूच होतं, आता तर रस्त्यावरूनही ऐकू येत होतं. यांनी बॉनेटवर कान टेकला, भाजला तसा झटकन काढून पुन्हा टेकला. एक सायकलवाला थांबून बघायला लागला. “ऐक, ऐक रे,” हे त्याला म्हणाले, “येतोय की नाही आवाज?” तो बिचारा म्हणाला, “येतुय की. पंप बोंबलतोय तुमचा.” आणि निघून गेला. इतकी पक्की साक्ष यांना कुणीच दिली नसती.

“आता मागं चला,” मी म्हटलं. “झाकणापाशी कान ठेवा आणि फिरवा.”

यांनी पत्र्याचं दार उघडून झाकण फिरवलं. सूंऽऽ. हे दचकून मागं सरले. पुढं टकटकटकटक झाली आणि मग बाभळीवरच्या चिमण्यांचा आवाज तेवढा राहिला.

“वारा!” आप्पांनी कपाळावर हात मारला. “अरे, झाकणाला भोक असतं! बारीक, सुईएवढं, मधोमध. आण इकडं.” त्यांनी झाकण हातात घेतलं, चष्मा वर सरकवून डोळ्यांजवळ नेलं. झाकणाच्या मधोमध लाल-केशरी जाड थर होता. तो आम्ही सगळ्यांनीच पाहिला होता, अगदी रोज. पण सांगलीत कुठल्या गाडीवर लाल बोट नसतं? बाबालालनीही तो पाहिला असणार आणि सासूबाईंची पूजा म्हणून त्याच्या कडेनं हात नेला असणार.

“आईचं कुंकू,” हे हळूच म्हणाले.

“आईचं नाही.” आप्पा नखानं थर खरवडून बघत होते. “तिचं कोरडं असायचं. दोन दिवसांत उडून जायचं. हा शेंदूर आहे, तेलात कालवलेला. माझा आहे हा.”

आप्पांनी घरातल्या कुठल्याही पूजेत आयुष्यात हात घातलेला नव्हता. देवळाच्या बाहेर चपला राखत उभे राहणारे ते.

“यंदा खंडेनवमीला तुम्ही दोघं आत होता,” ते म्हणाले. “हिच्याकडे बघितलं, तर बोडकं कपाळ. बरं वाटेना. म्हटलं, आपण लावू, आणि टिकेल असं लावू. मारुतीला लावतात तसं, चांगलं दाबून लावलं.” मग झाकणाकडे बघत बारीक आवाजात म्हणाले, “माझ्याच हातानं गळा दाबला की मी हिचा. रात्रभर उभी राहिली की कुठून तरी थोडा वारा शिरत असणार, म्हणून सकाळी ठणठणीत.”

हे हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग मैलाच्या दगडावर बसून पोट धरून. आप्पा आधी रागावले, मग तेही हसायला लागले. “मिरजेचा डॉक्टर,” हे हसता हसता म्हणाले, “आधी झाकण काढून काठी बुडवली असती त्यानं तुमच्यात!” आणि मग हसणं तसंच चालू असताना यांनी दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. आप्पा झाकण हातात धरून तिथंच उभे राहिले. त्यांनी जवळ जाऊन, लहानपणी घेत असतील तसं, यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. मी दुसरीकडं बघितलं.

माझ्या पदराची पिन घेऊन आप्पांनी भोक मोकळं केलं, आरपार उजेड दिसेपर्यंत. निघालेला शेंदूर टाकायला त्यांचं मन होईना. त्यांनी तो बोटावर घेऊन झाकणाच्या कडेला लावला.

“कपाळ नाही तर कानशील,” म्हणाले. “तिला चालेल.”

पुढचा रस्ता आम्ही तिघंही कान देऊन बसलो होतो. “येतोय?” हे विचारायचे. “नाही,” आप्पा म्हणायचे. शिरोळ गेलं. “येतोय?” “नाही रे बाबा.” कुरुंदवाडचा फाटा आला तेव्हा यांनी विचारलं नाही. मी पुढं वाकून पाहिलं, तर मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, हातात उरलेली बोरं. इतकी गाढ झोप मी यांच्या चेहऱ्यावर लग्नानंतर पाहिलेली नव्हती.

वाडीला पोहोचलो, तेव्हा महापूजेची घंटा सुरू झाली होती. आप्पांनी इंजिन बंद केलं, किल्लीही हळूच काढली. ती गाडी दोनच दारांची. पुढच्या माणसानं उतरून सीट दुमडल्याशिवाय मागच्याला बाहेर पडता येत नाही. आप्पा आपल्या बाजूचं दार उघडायला लागले, तर ते करकरलं. ते तसेच थांबले.

“तुझी महापूजा चुकेल वत्सला,” ते कुजबुजले. “उठवू का त्याला?”

घाटावरून पेढ्यांचा आणि ओल्या दगडांचा वास येत होता. माणसं घाईघाईनं पायऱ्या उतरत होती. घंटा चालूच होती.

“नको,” मी म्हटलं. “झोपू द्या.”

आप्पांनी दार पुन्हा लावलं नाही, उघडलंही नाही. तसंच अर्धवट धरून बसले. मी मागच्या सीटवर माळ पदराखाली घेतली आणि यांच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले.